एडिसन, न्यू जर्सी: इथे राहतं तरी कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत नोकरी लागली, मुलगा-सून तिकडे राहायला गेले, किंवा नुसतंच कोणाकडून तरी ‘एडिसन म्हणजे मिनी इंडिया’ असं ऐकलं, की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. मी या गावात बरीच वर्षं राहतो. शनिवारी भाजी घेताना, मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत उभं असताना आणि पुण्या-नाशिकहून येणाऱ्या फोनवर तीच तीच उत्तरं देऊन झाली. म्हणून एकदाची लिहून काढली.

एडिसन नक्की कुठे आहे? शहर की उपनगर?

न्यू जर्सी राज्यातल्या मिडलसेक्स काउंटीत. न्यूयॉर्कच्या नैऋत्येला, ट्रेनने साधारण तासाभरावर. कागदोपत्री ही ‘टाउनशिप’, म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं गाव, वळण पक्कं उपनगराचं. ‘गावात जाऊन येतो’ म्हणावं असा मध्यवर्ती चौक इथे नाही. जुन्या बाजारपेठेचा, हमरस्त्याचा थाट आहे तो मटचन नावाच्या चिमुकल्या गावात. ते चारही बाजूंनी एडिसनने वेढलेलं, पण कारभार त्याचा वेगळा. मेदूवड्यातल्या भोकासारखं.

गावाचं जुनं नाव रॅरिटन टाउनशिप. थॉमस एडिसनची प्रयोगशाळा १८७६ पासून इथल्या मेन्लो पार्कात होती, म्हणून १९५४ मध्ये गावाने त्याचं नाव घेतलं.

आकडे सांगा. बाकीचं नंतर.

२००० च्या जनगणनेत लोकसंख्या ९७,६८७. त्यात गोरे ५९ टक्क्यांच्या किंचित वर, आशियाई २९ टक्के, कृष्णवर्णीय ७ टक्क्यांच्या जरा खाली. २०१० मध्ये लोकसंख्या ९९,९६७, गोरे ४४ टक्के, आशियाई ४३ टक्के, कृष्णवर्णीय ७ टक्के. त्या वर्षी २८,२८६ लोकांनी आपण भारतीय वंशाचे असल्याचं नोंदवलं, म्हणजे दर शंभरात अठ्ठावीस. दहा वर्षांपूर्वी हेच प्रमाण अठराच्या आत होतं. २०२० मध्ये लोकसंख्या १,०७,५८८ झाली आणि आशियाई लोक निम्म्याच्या पुढे गेले.

‘एडिसनमध्ये सगळे भारतीयच’ हे वाक्य कोणी टाकलं, तर २०१० चा आकडा आठवा. तेव्हा दहातले सात जण भारतीय नव्हते. ओक ट्री रोड या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर शनिवारी दुपारी उभं राहिलं की हे पटत नाही, हा भाग वेगळा.

टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर का जाते?

कारण ‘हिस्पॅनिक’ (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेले लोक) हा अमेरिकन जनगणनेत वंश धरत नाहीत. २०१० मध्ये एडिसनमध्ये ८ टक्के लोक हिस्पॅनिक होते, पण ते गोऱ्यांत, कृष्णवर्णीयांत किंवा ‘इतर’ मध्ये आधीच मोजलेले. फॉर्मवर प्रश्न दोन: आधी तुम्ही हिस्पॅनिक आहात का, मग तुमचा वंश कोणता. त्यामुळे आठ टक्के शेवटी वेगळे मिळवले की बेरीज फुगते. शिवाय २००० पासून एकाहून जास्त वंशांवर खूण करायची मुभा आहे. आई केरळची आणि बाप आयरिश, तर मूल दोन्हीकडे खूण करू शकतं.

जाता जाता एक. फर्नांडिस, डिसूझा अशी आडनावं असलेल्या गोव्याच्या मंडळींना इथल्या काउंटरवर हटकून स्पॅनिशमध्ये नमस्कार होतो. आडनाव पोर्तुगीज, माणूस म्हापशाचा, आणि समोरच्याला वाटतं मेक्सिको. जनगणना आडनाव बघून ठरवत नाही. तुम्ही जे लिहाल ते खरं धरते.

आपण फॉर्मवर कुठे खूण करायची?

२०२० च्या फॉर्मवर ‘एशियन’ असा सरसकट एक रकाना नव्हताच. चायनीज, फिलिपिनो, एशियन इंडियन, व्हिएतनामीज, कोरियन, जॅपनीज असे सुटे रकाने होते. त्यांची मोट बांधून ‘आशियाई’ हा गठ्ठा नंतर जनगणना करणाऱ्या सेन्सस ब्युरोत तयार होतो. आपला रकाना ‘एशियन इंडियन’.

पण त्याच्याही वर ‘अमेरिकन इंडियन’ असा रकाना असतो आणि घाईत तिथे खूण होऊ शकते. तो इथल्या मूळनिवासींचा. त्याच्या खाली टोळीचं नाव लिहायला जागा असते. तिथे देशस्थ लिहायचं की कोकणस्थ, हा आमच्या मंडळातला जुना आणि आता जरा शिळा झालेला विनोद.

भारतीय लोक ‘आशियाई’ कधीपासून झाले?

या पानावरचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि विचारतात फार थोडे.

१९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत भारतातून आलेल्या माणसाचा वंश ‘हिंदू’ असा लिहीत. तो माणूस शीख असो की मुसलमान, वंश हिंदू. कॅलिफोर्नियात शेतावर राबणारे पंजाबी बहुतेक शीख होते आणि कागदोपत्री सगळे हिंदू.

त्याच काळात, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसालाच मिळायचं. आपण उच्चवर्णीय, आर्य, कॉकेशियन, म्हणून गोरे, असा थिंड यांचा दावा. कोर्ट म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात तुम्ही बसत नाही. वर्णश्रेष्ठत्वाचा आधार घेऊन गोरं व्हायला गेलेला युक्तिवाद असा तोंडावर आपटला. सोबत आधी मिळालेली इतर भारतीयांची नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी वाचक कान टवकारेल. पंडितांवरही सरकारने खटला भरला. तो मात्र ते जिंकले आणि त्यांचं नागरिकत्व टिकलं.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं, पण वर्षाला शंभरच जणांचा कोटा. १९७० च्या जनगणनेत भारतीयांना चक्क ‘गोरे’ धरलं. मग इथल्या भारतीयांच्या संघटनांनी खटपट केली की आम्हाला वेगळं मोजा. वेगळं मोजलं तर अल्पसंख्याक म्हणून संरक्षण मिळतं, गोऱ्यांत मोजलं तर भेदभाव सिद्धच करता येत नाही. सगळ्या भारतीयांना ते पटलं नव्हतं, गोऱ्यांत राहण्यात काहींना गैर वाटत नव्हतं. शेवटी १९८० च्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला.

थोडक्यात, १९३० साली इथे राहणारा आणि दीर्घायुषी असलेला एखादा सरदारजी एकाच आयुष्यात हिंदू, गोरा आणि आशियाई, तिन्ही होऊन गेला असता. पगडी तीच.

एवढे भारतीय याच गावात का आले?

एका वाक्यात उत्तर नाही. थर आहेत.

पहिला थर १९६५ च्या कायद्याचा. देशवार जुना पक्षपाती कोटा गेला आणि शिकलेले डॉक्टर, इंजिनिअर येऊ लागले. मध्य न्यू जर्सीत औषध कंपन्या होत्या, बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची संशोधनसंस्था होती, शेजारी न्यू ब्रन्सविक-पिस्कॅटवेला रटगर्स विद्यापीठ होतं. हे लोक आधी क्वीन्समध्ये किंवा जर्सी सिटीत भाड्याने राहिले, पोरं शाळेत जायच्या वयाची झाली तशी घराच्या शोधात निघाले. एडिसनच्या शाळांचं नाव चांगलं होतं आणि घरं त्या काळी परवडत.

दुसरा थर नातेवाइकांचा. त्याच कायद्याने भाऊ-बहिणींना बोलावता येऊ लागलं. एक इंजिनिअर स्थिरावला की मागून मेहुणा आला, त्याने दुकान टाकलं. गुजराती समाज इथे घट्ट झाला तो मुख्यतः असा.

तिसरा थर आपल्या ओळखीचा. १९९० च्या कायद्याने शिकलेल्या नोकरदारांचा एच-वन-बी व्हिसा आला, मग वायटूकेची, म्हणजे २००० साल उजाडताच संगणक गोंधळतील या भीतीची धावपळ, आणि हैदराबाद, चेन्नई, पुणे इथून संगणकवाले येऊ लागले. न्यूयॉर्कला जाणारी थेट ट्रेन हे त्यांच्यासाठी मोठं कारण. मेट्रोपार्क स्टेशन १९७१ पासून आहे. सकाळी सातच्या गाडीला फलाटावर उभे राहा, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि मधूनच ‘अरे, स्टँडअप (ऑफिसातली रोजची छोटी मीटिंग) किती वाजता आहे?’ असं ऐकू येतं.

हा तिसरा थर पहिल्या दोघांसारखा नाही. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. त्यामुळे जनगणनेत एकाच रकान्यात मोजलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी एकजण चाळीस वर्षांचा नागरिक असतो आणि दुसरा नोकरी गेली तर साठ दिवसांत नवी शोधायची की देश सोडायचा याच्या हिशेबात.

ओक ट्री रोड एडिसनमध्येच आहे ना?

अर्धा. बाजाराचा बराच भाग शेजारच्या वुडब्रिज टाउनशिपमधल्या आयझलिनमध्ये येतो. मेट्रोपार्क स्टेशनसुद्धा आयझलिनमध्येच. रस्ता तोच, दुकानांची ओळही तीच, मधेच टाउनशिप बदलते आणि कोणाला पत्ता लागत नाही. ‘लिटिल इंडिया’ म्हणून लोक जे डोळ्यांसमोर आणतात, ते जनगणनेत दोन गावांत फाटलेलं आहे. एकाच गावाचा टक्का बघून त्या वस्तीचा अंदाज बांधू नये.

आणि मराठी माणसं किती?

फोनवर हा प्रश्न नेहमी शेवटी येतो, पण खरा तोच असतो.

दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत भाषा विचारत नाहीत. ती विचारतात ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या वेगळ्या पाहणीत, जी दरवर्षी देशभरातल्या नमुन्यादाखल निवडलेल्या घरांची होते. तिच्या भाषांच्या तक्त्यात गुजरातीला स्वतंत्र ओळ आहे. हिंदीला आहे, पंजाबीला आहे, बंगालीला आहे, तेलुगू आणि तमिळलाही आहे. आपली ओळ अशी वाचली जाते: ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’. म्हणजे साताऱ्याचा जोशी, काठमांडूचा श्रेष्ठ आणि मडगावचा कोकणी बोलणारा नाईक एकाच ओळीत. मी पहिल्यांदा हा तक्ता उघडला तेव्हा बोट खाली सरकवत गेलो आणि त्या ओळीवर थांबून मोठ्याने हसलो. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं. म्हटलं, आपण नेपाळ्यांच्या खोलीत भाडेकरू.

या आकड्यात आणखी दोन भोकं आहेत. एक, घरात इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता, याला माणशी एकच उत्तर धरतात. मराठी आई आणि गुजराती वडील असलेल्या पोरीने एक निवडायची. दोन, जी मुलं आईशी मराठीत ऐकून इंग्रजीत उत्तर देतात, त्यांच्यापुढे काय लिहायचं ते फॉर्म भरणारा बाप ठरवतो. बाप सहसा आशावादी असतो.

तेव्हा ‘एडिसनमध्ये इतके हजार मराठी’ असा नेमका आकडा कोणी दिला, तर तो कुठून आणला ते विचारा. डोळ्यांना दिसतं ते असं: मराठी माणूस एडिसनमध्ये आहे, पण एका गल्लीत गोळा झालेला नाही. पिस्कॅटवे, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, असा सगळीकडे विखुरला आहे. एकत्र दिसतो तो गणपतीत, दिवाळी अंकांच्या वाटपात आणि नाटकाच्या प्रयोगाला. २०२२ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन न्यू जर्सीतल्याच अटलांटिक सिटीला झालं, तेव्हा याच राज्यात इतके आपले लोक आहेत हे आपलं आपल्यालाच कळलं. ओक ट्री रोडवर मात्र ढोकळा दहा ठिकाणी दिसतो आणि थालीपिठाची भाजणी शोधावी लागते.

हिंदू किती? कोणत्या जातीचे?

जनगणना सांगू शकत नाही. १९७६ च्या कायद्यानुसार धर्माबद्दल उत्तर देणं कोणावर बंधनकारक करता येत नाही, म्हणून ब्युरो धर्म विचारतच नाही. जातही विचारत नाही. आपल्याकडे धर्म आणि मातृभाषा विचारतात, वंश नाही. त्यांच्याकडे वंश विचारतात, धर्म नाही. ज्या देशाला ज्याची चिंता, त्याचा रकाना.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. ते मोजले जातात का?

नाही. भेटीला, फिरायला आलेले पाहुणे मोजत नाहीत. एच-वन-बीवाले, त्यांचे जोडीदार, विद्यार्थी हे मात्र मोजले जातात, कारण ते इथे राहतात. नागरिकत्व आहे की नाही, कागदपत्रं आहेत की नाहीत, याने फरक पडत नाही. उन्हाळ्यात पपायानी पार्कमध्ये संध्याकाळी पांढरे बूट आणि स्वेटर घालून फेऱ्या मारणारे जे आजी-आजोबा दिसतात, त्यांतले बरेच कुठल्याच टक्केवारीत नसतात.

भारतीय सोडून बाकी कोण?

आशियाईंमध्ये दुसरा मोठा गट चिन्यांचा. त्यानंतर फिलिपिनो, कोरियन, पाकिस्तानी वगैरे. गोऱ्यांमध्ये इटालियन, आयरिश, पोलिश आणि हंगेरियन मुळांची घरं. हंगेरियनांचा या परिसराशी जुना संबंध. १९५६ चा उठाव चिरडल्यावर पळून आलेल्या हजारो हंगेरियन निर्वासितांना इथल्याच कॅम्प किल्मर या लष्करी तळावर उतरवलं होतं. हा तळ एडिसन आणि पिस्कॅटवेच्या हद्दीवर. आज ‘बाहेरून आलेत’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतात त्यांच्या आधी कोण कुठून आलं होतं, हे गावाच्या सीमेवरच लिहिलेलं आहे.

गोरे लोक गाव सोडून गेले का?

२००० ते २०१० या दहा वर्षांत गोऱ्यांची संख्या साधारण चौदा हजारांनी घटली आणि एकूण लोकसंख्या दोन हजारांनी वाढली. हे झालं गणित. त्यामागे द्वेषच होता असं मात्र या आकड्यावरून म्हणता येत नाही. १९५०-६० च्या दशकांत घर घेतलेली पिढी म्हातारी झाली, मुलं दुसऱ्या राज्यांत गेली, घरपट्टी चढत गेली, निवृत्त लोक घर विकून फ्लोरिडाला गेले. १९४८ पासून चाललेला फोर्डचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला. घर विकायला काढलं की चढ्या भावाने घेणारा बहुधा भारतीय किंवा चिनी असायचा. काही जण शेजार बदलला म्हणून गेले हेही खरं. शेजारच्या आजोबांनी घर विकताना मला सांगितलं होतं, ‘तुमच्याबद्दल तक्रार नाही, पण आता या गल्लीत मला ओळखणारं कोणी उरलं नाही.’ हे वाक्य कोणत्या रकान्यात टाकायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तणाव होतो का?

झालेला आहे. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी भारतीयांवर हल्ले करत होती. नावातला ‘डॉट’ म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना मारहाण करून ठार मारलं. ते दहशतीचं वातावरण हेही काही कुटुंबांनी उपनगरांकडे सरकण्याचं एक कारण होतं.

एडिसनमधला इतिहास त्यामानाने सौम्य, पण अगदीच गोड नाही. १९९० च्या दशकात नवरात्रीतला गरबा किती वाजेपर्यंत चालावा यावरून आयोजक आणि टाउनशिप फेडरल कोर्टापर्यंत गेले. २०१० मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात एडिसनच्या भारतीयांची टर उडवणारा लेख आला, ओरड झाली, साप्ताहिकाने दिलगिरी व्यक्त केली. २०१७ मध्ये शाळा मंडळाच्या निवडणुकीआधी घराघरांत निनावी पत्रकं पडली. एका चिनी आणि एका भारतीय वंशाच्या उमेदवाराच्या फोटोवर ‘हाकलून द्या’ असा शिक्का, आणि गाव बळकावल्याच्या पुराव्यांत चक्क क्रिकेटची मैदानं. दोघेही उमेदवार निवडून आले.

२००५ मध्ये कोरियन वंशाचे जुन चोई महापौर म्हणून निवडून आले आणि २०२१ मध्ये सॅम जोशी, भारतीय वंशाचे पहिले. ‘जोशी म्हणजे आपलेच का हो?’ असं पुण्याहून हमखास विचारतात. जोशी गुजरातेतही असतात, उत्तराखंडातही असतात, एवढं सांगून मी विषय बदलतो.

आणि भारतीय म्हणजे एक जीव नव्हे. ऑगस्ट २०२२ च्या भारत दिनाच्या मिरवणुकीत नरेंद्र मोदी आणि योगी आदित्यनाथ यांची चित्रं लावलेला बुलडोझर निघाला. त्यावर सर्वात तीव्र आक्षेप घेणाऱ्यांत याच गावचे आणि आसपासचे भारतीय होते, विशेषतः मुसलमान. आयोजकांनी नंतर माफी मागितली. जनगणनेत दोन्ही बाजूंची खूण एकाच चौकटीत.

घर बघतोय. ‘इथे आपले लोक किती?’ विचारलं तर एजंट गप्प का बसतो?

बोलला तर त्याचा परवाना जाऊ शकतो म्हणून. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली गिऱ्हाइकाला वंश, धर्म, मूळ देश बघून अमुक वस्तीकडे वळवणं किंवा तमुक वस्तीपासून परतवणं बेकायदा आहे. काळ्या कुटुंबांना गोऱ्या उपनगरांबाहेर ठेवायला हीच युक्ती पिढ्यानपिढ्या वापरली, त्यावरचा हा उपाय. तुम्ही भाबडेपणाने विचारता, त्याला तो सापळा वाटतो. एजंट तुमच्याच गावचा असला आणि कानाशी लागून ‘इकडे सगळे आपलेच’ म्हणाला, तर तेही तितकंच बेकायदा.

२०३० मध्ये काय बदलेल?

मार्च २०२४ मध्ये फेडरल सरकारने वर्गवारीचे नियम बदलले. त्या नियमांप्रमाणे हिस्पॅनिक आणि वंश हे दोन प्रश्न एकत्र होणार, आणि ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका’ असा नवा गट येणार. इराणी, इजिप्शियन, लेबनीज माणसं आजवर गोऱ्यांत धरली जात, ती वेगळी दिसतील. म्हणजे २०३० मध्ये एडिसनमधले गोरे आणखी कमी झालेले दिसले, तर त्यांतले काही गाव सोडून गेलेले नसतील, फक्त रकाना सोडून गेलेले असतील.

हे सगळं मला स्वतःला कुठे बघता येईल?

सेन्सस ब्युरोच्या संकेतस्थळावर, फुकट. शोधताना ‘एडिसन टाउनशिप, मिडलसेक्स काउंटी’ असं पूर्ण लिहा. पिनकोड टाकून शोधू नका, टपालाच्या हद्दी आणि गावाच्या हद्दी जुळत नाहीत. वार्षिक पाहणीचा आकडा असेल तर शेजारी अधिक-उणे चिन्हासह दिलेली चूक-मर्यादा वाचा. छोट्या गटांच्या बाबतीत ती कधी कधी आकड्याइतकीच मोठी असते. आणि मराठी शोधत असाल, तर बंगालीच्या खाली बघा. नेपाळीच्या शेजारी.